संकटाच्या काळात कॅथलिक श्रद्धेचा नेम कसा सांभाळावा

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत आणि तीही विखुरलेली आहेत. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त मिरजेत येऊन स्थायिक झाले, कोणी हॉस्पिटलात परिचारिका म्हणून आले, कोणी पाचगणी-महाबळेश्वरच्या शाळांत आणि हॉटेलांत कामाला आहेत, तर काही घराणी पिढ्यान्पिढ्या इथल्याच गावांत राहत आली आहेत. वसईत घरातून निघून पायी चर्च गाठता येते; जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातल्या कुटुंबाला मात्र रविवारच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते आणि येण्याजाण्याच्या भाड्याचा हिशोब करावा लागतो. अशा घरावर पूर, दुष्काळ, कर्ज, मोठे आजारपण किंवा बेकारी कोसळली की सर्वांत आधी प्रार्थनेचा आणि मिस्सेचा नेम सुटतो. तो सुटू नये म्हणून काय करता येईल, हे येथे शक्य तितक्या तपशिलाने मांडत आहे. माझे आग्रहाचे सांगणे एकच आहे: संकटात नेम लहान करावा, पण मोडू नये.

नेम लहान कसा करावा

अडचण आली की आपल्याकडे दोनच टोके दिसतात. काही जण एकदम नऊ दिवसांची नोव्हेना, रोज संपूर्ण जपमाळ, दर शुक्रवारी निर्जळी उपवास असे सगळे अंगावर घेतात आणि आठवड्याभरात थकून सगळेच सोडतात. दुसरे म्हणतात, आधी हे संकट निस्तरू दे, मग देवाकडे बघू. यातली कोणतीही वाट टिकाऊ नाही. आपल्या शेजारचे माळकरी भर सुगीतही हरिपाठ चुकवत नाहीत, याचे कारण तो नेम दिवसाच्या ठरलेल्या जागी बसलेला असतो आणि त्यासाठी वेगळा उत्साह गोळा करावा लागत नाही. आपल्या घरातही असेच व्हायला हवे.

सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण करून, आजचा दिवस आणि आजचे दुखणे प्रभूला अर्पण करणारे एखादे वाक्य आपल्याच शब्दांत म्हणावे. संध्याकाळी जपमाळेचे एकच रहस्य, म्हणजे एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा ‘नमो मारिया’ आणि शेवटी त्रैक्याचा गौरव, एवढे म्हणावे. याला चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिवस डोळ्यांपुढून फिरवावा. आज कोणाकडून चांगुलपणा मिळाला त्याबद्दल आभार मानावेत, आपण कोठे कठोर झालो त्याची क्षमा मागावी आणि उद्याची एखादी अवघड गोष्ट देवाच्या हाती द्यावी. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेले रोजचे आत्मपरीक्षण ते हेच. संकटाच्या काळात एवढा नेम पुरेसा आहे. हॉस्पिटलात रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला जपमाळ हातात धरणे शक्य नसेल तर दहा बोटे आहेत, आणि रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्यालाही मोटर चालू करून बांधावर बसल्यावर तीच दहा बोटे पुरतात.

नेम किती लहान होऊ शकतो याचे मोठे उदाहरण व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्यूयेन व्हॅन थुआन यांचे आहे. १९७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढची तेरा वर्षे ते कैदेत होते. त्यांपैकी नऊ वर्षे त्यांनी एकांतवासात काढली. पोटाच्या दुखण्यावरचे औषध म्हणून मागवलेल्या द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते तोंडपाठ प्रार्थनांनी मिस्सा अर्पण करत. त्यांच्याजवळ वेदी नव्हती, ग्रंथ नव्हता, घंटा नव्हती, आणि तरीही त्या मिस्सेत काही उणे नव्हते.

प्रार्थना करताना काहीच जाणवत नाही, मन कोरडे राहते, अशी तक्रार संकटातले बहुतेक सगळे करतात. जाणवणे आणि विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिझ्यूच्या संत तेरेजा यांना १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने मृत्यू येईपर्यंत स्वर्गाचा विचारही अंधारल्यासारखा वाटत होता. त्या वेळी त्या अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि आज चर्च त्यांना आचार्य, म्हणजे श्रद्धेच्या अधिकारी शिक्षिका, मानते. कोलकात्याच्या संत तेरेसा यांनीही अनेक वर्षे अशाच कोरडेपणात काढली. तेव्हा मन लागत नाही म्हणून प्रार्थना थांबवण्याचे कारण नाही. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रांचे शब्द उसने घ्यावेत. अपराधाच्या ओझ्याखाली १३० वे स्तोत्र वाचावे, देवाने टाकून दिले असे वाटत असेल तर २२ वे वाचावे, कारण क्रूसावर प्रभू येशूच्या मुखी त्याच स्तोत्राचा आरंभ होता. आणि अगदीच काळोख दाटला असेल तर ८८ वे वाचावे. ते स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रारच आहे आणि अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी इतके उघड बोलण्याची मुभा आपल्याला आहे, हे आपल्या घरांतून पुरेसे सांगितले जात नाही, असे मला वाटते.

चर्च लांब असताना रविवार कसा पाळावा

रविवारची मिस्सा ही जबाबदारी आहेच, आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला गेल्यानेही ती पूर्ण होते. मात्र जो आजारी आहे, ज्याला आजाऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला सोडून जाता येत नाही, ज्याच्या गावचा रस्ता पाण्याखाली आहे, त्याच्यावर ती जबाबदारी येत नाही. अशा माणसाने अपराधी वाटून घेऊ नये. फादर उपलब्ध नसतील किंवा जाणे अशक्य असेल तर कुटुंबाने किंवा दोन-तीन कुटुंबांनी एकत्र येऊन प्रार्थनेत वेळ घालवावा, असे चर्चचा कायदाच सुचवतो.

ही घरगुती प्रार्थना अर्ध्या तासाची असावी आणि तिची वेळ ठरलेली असावी. टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. एक गीत गावे, क्षमेची प्रार्थना म्हणावी आणि त्या रविवारची वाचने वाचावीत. वाचन घरातल्या मुलाला द्यावे, तो अडखळला तरी चालेल. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग, वाचून झाल्यावर दोन मिनिटे शांत राहावे आणि कोणाला त्यातले कोणते वाक्य लागले ते त्याने सांगावे. येथे घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रवचन देण्याचा मोह टाळावा. मग गावासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, मृतांसाठी विनवण्या कराव्यात, प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, प्रत्यक्ष घेता येत नसला तरी प्रभूने अंतःकरणात यावे, अशी मनापासून इच्छा व्यक्त करावी. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद असताना जगभरच्या कॅथलिकांनी हेच केले. मोबाइलवर थेट मिस्सा पाहणे आजाऱ्याला आधार देते, पण जाणे शक्य असलेल्या निरोगी माणसासाठी तो पर्याय नाही. शिवाय मोबाइलसमोर घरातले नुसते बसून राहतात आणि घरगुती प्रार्थनेत मात्र सर्वांना तोंड उघडावे लागते, म्हणून मी दुसरीला अधिक महत्त्व देतो.

फादरांशिवाय श्रद्धा किती काळ टिकू शकते, याचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचाही एक माणूस आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघातले धर्मबंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर हुतात्मा झाले. पुढे १६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, फादर हाकलले गेले किंवा मारले गेले. तिथल्या सामान्य शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी मात्र मुलांना बाप्तिस्मा देत, प्रार्थना तोंडपाठ करवून घेत आणि सणांचे दिवस मोजत दोनशेहून अधिक वर्षे श्रद्धा जपली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि त्यांनी फादर पेतिज्यां यांना हळूच सांगितले की तुमची आणि आमची श्रद्धा एकच आहे; मग त्यांनी पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दहिवडीत किंवा उमदीत आपण एकटेच कॅथलिक आहोत असे वाटणाऱ्या घराने हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. मुलांना चार प्रार्थना तोंडपाठ करून देणे हे काम आजही घराचेच आहे.

आजारपणात संस्कार वेळेवर कसे मिळवावेत

मिरजेत उपचारांसाठी दोन्ही जिल्ह्यांतूनच नव्हे, तर कोल्हापूर, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. या धावपळीत कॅथलिक कुटुंबे एक गोष्ट हमखास उशिरा करतात आणि ती म्हणजे फादरांना बोलावणे. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार हा मरणाऱ्याचा संस्कार आहे, फादर आले म्हणजे आशा संपली, अशी भीती अजून घराघरांत आहे. ती खरी नाही. आजार गंभीर झाला, मोठी शस्त्रक्रिया ठरली किंवा म्हातारपणाने शरीर खचले की हा संस्कार घ्यावा. बरे होऊन पुन्हा आजार उलटला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली तर तो पुन्हाही घेता येतो. तेल कपाळाला आणि हातांना लावतात. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला प्रार्थनेत भाग घेता येत असताना आणि पापांची कबुली देता येत असताना फादर आले तर त्या संस्काराचे समाधान रुग्णाला स्वतःला मिळते. व्हेंटिलेटर लावल्यानंतर धावाधाव करण्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी फोन करावा.

आपल्या गावचे फादर लांब असतील तर हॉस्पिटल ज्या शहरात आहे तिथल्या चर्चला कळवावे. फोनवर रुग्णाचे नाव, हॉस्पिटल, मजला, वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक, रुग्णाची भाषा, तो शुद्धीवर आहे का, त्याला गिळता येते का, अतिदक्षता विभागात भेटीची वेळ कोणती आणि नातेवाइकाचा फोन क्रमांक हे सगळे एकदमच सांगावे, म्हणजे फादरांचा फेरा वाया जात नाही. ड्यूटीवरच्या परिचारिकेची परवानगी आधी घ्यावी. ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी मेणबत्ती पेटवण्याचा हट्ट धरू नये. उशाजवळ लहानसा क्रूस आणि स्वच्छ रुमाल पुरेसा आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आजाऱ्याला, वृद्धाला आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यालाही लागू नाही. राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवासही आजाऱ्याने करायचा नसतो; इन्सुलिन घेणाऱ्या आजीने उपाशी राहून साखर खाली आणणे याला तप म्हणता येणार नाही.

नवजात बाळाच्या जिवाला धोका असेल आणि आईवडिलांची इच्छा असेल, तर फादर येईपर्यंत थांबू नये. अशा वेळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकाही, चर्चच्या हेतूने बाप्तिस्मा देऊ शकते. बाळाच्या डोक्यावर थोडे पाणी ओतत ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ असे म्हणावे. नंतर चर्चला कळवून त्याची नोंद करून घ्यावी.

प्रायश्चित्त संस्काराबद्दल, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याबद्दल, एवढेच सांगतो की अनेक वर्षांचा खंड पडला असेल तर तेच पहिले वाक्य म्हणून फादरांना सांगावे, पुढचे ते विचारून घेतात. ऐकलेले कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगण्याची त्यांना मुभा नाही. फादर मिळणेच अशक्य असेल तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच संस्कार घेण्याचा निश्चय करावा. देव तेवढ्यावर क्षमा करतो, असे चर्च शिकवते.

पूर, कर्ज आणि मदत मागणे

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. अशा पुरात घर सोडताना रेशन कार्ड आणि सातबाऱ्याबरोबर बाप्तिस्म्याचे आणि विवाहाचे दाखलेही प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावेत. ते वाहून गेले तरी हाय खाऊ नये, कारण मूळ नोंद त्या त्या चर्चच्या वहीत असते आणि तिथून नवा दाखला मिळतो. पाणी ओसरल्यावर घरातले चिखलाने भरलेले बायबल उन्हात टाकू नये. पानांत कोरे कागद घालून सावलीत, वाऱ्यावर सुकवावे. जी आशीर्वादित चित्रे, मूर्ती किंवा जपमाळा कामातून गेल्या असतील त्या घंटागाडीत देऊ नयेत. त्या जाळाव्यात किंवा स्वच्छ जागी जमिनीत पुराव्यात, अशी चर्चची जुनी रीत आहे.

कर्जाच्या बाबतीत आपल्या माणसांची लाज हा मोठा अडसर आहे. उसाचे बिल लांबले, अवकाळीने द्राक्षबाग गेली, हप्ता थकला, की कुटुंब चर्चला जाणेच बंद करते, कारण तिथे चार ओळखीचे भेटतात. नेमके तेव्हाच जावे. मिस्सा अर्पण करण्यासाठी दक्षिणा देता येत नाही म्हणून मागे राहू नये. गरिबाकडे पैसे नाहीत म्हणून संस्कार नाकारता येत नाहीत आणि दक्षिणा न घेताही त्याच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी, अशी फादरांना चर्चच्या कायद्याची कळकळीची सूचना आहे. अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक धर्मसमाजात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य गाजावाजा न करता घरी जाऊन मदत करतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझनाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेले हे काम गरिबाच्या घरी जाण्यावरच उभे आहे. आपल्या पॅरिशमध्ये ती शाखा आहे का ते विचारावे. त्याच वेळी, प्रार्थनेने आजार किंवा कर्ज जाईल असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून कुटुंबाला दूर ठेवावे, मग ते येशूचे नाव कितीही वेळा घेत असोत.

जगणे नकोसे वाटू लागले असेल तर ती गोष्ट घरच्या माणसाला, फादरांना आणि डॉक्टरांना, तिघांनाही सांगावी. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. ज्या घराने आपला माणूस आत्महत्येत गमावला आहे, त्या घराला तो देवाच्या दयेपलीकडे गेला असे कोणी बोलू नये. अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे चर्च स्पष्ट शिकवते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. नातेवाइकांनी त्यांच्यासाठी मिस्सा अवश्य सांगावी.

अंधारात निर्णय बदलू नये

संत इग्नेशियस यांचा एक नियम मला संकटातल्या माणसासाठी फार मोलाचा वाटतो. मन खचलेले असताना, चांगल्या काळात विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. शेती विकून टाकावी, नवऱ्याचे घर सोडावे, मुलीची शाळा बंद करावी, चर्चशी संबंधच तोडावा, असे विचार रात्री दोन वाजता अगदी पटण्यासारखे वाटतात. ते कागदावर लिहून ठेवावेत, सकाळी उजेडात वाचावेत आणि दोन शहाण्या माणसांना विचारल्याशिवाय अमलात आणू नयेत. मात्र जिथे मारहाण होते किंवा जिवाला धोका आहे तिथे हा नियम लावू नये. तिथून ताबडतोब बाहेर पडावे.

इतरांसाठी काही करण्याने आपलेही दुःख हलके होते. निवाऱ्यात भाकरी थापायला गेलेल्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान असे सगळे आहेत, आणि त्यांत कोणाच्या जातिधर्माची चौकशी नाही. आपल्या भागात प्रॉटेस्टंट बांधवांची मंडळे आपल्याहून जुनी आणि मोठी आहेत. मिरजेतील वॉन्लेस हॉस्पिटल त्यांच्याच सेवेतून उभे राहिले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या पर्वात साताऱ्यात राहिले. या प्रॉटेस्टंट बांधवांबरोबर बसून प्रार्थना करायला आणि गीत गायला काहीच हरकत नाही.

संकट सरल्यावर बोललेला नवस

अडचणीत माणूस नवस बोलतो. तमिळनाडूतल्या वेळांकण्णीच्या तीर्थाला जाईन, वांद्र्याच्या मोत माउलीला चांदीचा पाळणा वाहीन, वर्षभर मांस खाणार नाही. भीतीच्या भरात असे बोलू नये, हा माझा पहिला सल्ला आहे; प्रभूला मागताना अट घालावी लागत नाही. पण बोलून झालेच असेल आणि आता कर्ज काढल्याशिवाय तो फेडता येत नसेल, तर सावकाराकडे जाण्यापूर्वी आपल्या पॅरिशच्या फादरांकडे जावे. योग्य कारण असेल तर खासगी नवसातून मोकळे करण्याचा किंवा तो बदलून देण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि वेळांकण्णीच्या प्रवासखर्चाऐवजी शेजारच्या मुलाची शाळेची वह्या-पुस्तके घ्यायलाही ते सांगू शकतात. त्या भेटीतच, संकटात लहान केलेल्या नेमात आता काय वाढवता येईल, रविवारची मिस्सा पुन्हा कशी सुरू करता येईल आणि पावसाळ्यात एसटी बंद असताना कोणाच्या घरी एकत्र जमायचे, हेही ठरवून घ्यावे.